मोहाखालचा पाचोळा

मोहाखाली जाळ लावायचा नाही, हा आमच्या ग्रामसभेचा ठराव माझ्या अक्षरात आहे. ग्रामसेवकाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि मी बारावी पास. त्यामुळे ग्रामपंचायतीची मेंबर झाल्यापासून सभेचं रजिस्टर माझ्याच मांडीवर असायचं. मला त्याचा गर्वही होता, खोटं कशाला बोलू. राखीव जागेवरून निवडून आलेल्या बाईचा कारभार तिचा नवराच करतो, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. माझा नवरा बल्लारपूरला कामाला होता आणि महिन्यातून दोनदा घरी यायचा. घरात मी आणि माझी सासू दोघीच. माझा कारभार मीच करत होते आणि तो लोकांना दिसावा असंही मला वाटत होतं.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पुढे, तीन बाजूंनी जंगल आणि एका बाजूला धानाच्या बांध्या. मार्च लागला की मोह गळायला लागतो. फुलं पहाटे पडतात. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर हरणं खाऊन जातात. पाचोळ्यात पडलेली फुलं शोधत बसलं तर टोपलं भरायला दुपार होते, म्हणून आमच्या बायका आधीच झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. जमीन काळी होते, फुलं पांढरी दिसतात, हात भरभर चालतो. पण ठरावाच्या आदल्या वर्षी असाच एक जाळ वाऱ्यानं उठला आणि गावानं राखलेलं बांबूचं बन दोन दिवस जळत राहिलं. त्या जंगलावर गावाचा हक्क मंजूर व्हावा म्हणून आम्ही किती चपला झिजवल्या होत्या. मी स्वतः हिरव्या फांद्या घेऊन ती आग झोडपायला गेले होते. महिनाभर केसांतला धुराचा वास गेला नाही.

म्हणून सभेत मी तावातावानं बोलले. जाळ बंद. पाचोळा खराट्यानं झाडायचा. झाडाखाली अंथरायला जाळ्या मागवायच्या. आणि नाल्याकडे वाघाचा वावर असल्यामुळे बायकांनी पाच-पाच जणींनी मिळून जायचं आणि मिळूनच परत यायचं. हे शेवटचं कलम माझ्या डोक्यातलं. जंगल खात्याच्या गार्डनं मान डोलावली, तेव्हा मी आणखी फुगले.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून माझी सासू उठली. ती सभेत कधी बोलत नसे. यायची, अंगठा द्यायची, सुपारी चघळत बसायची.

"जाळतो ते फुलासाठीच नाई जाळत," ती म्हणाली. "जाळलं म्हंजे नजर जाते. वाकलेल्या माणसाले दुरून कोण येऊन राह्यलं ते दिसते. झाडून तू किती झाडशीन? चार हात. त्याच्या बाहीर कोण बसलं हाये, कोणाले दिसन?"

खरं तर तिथेच थांबून तिला आणखी विचारायला हवं होतं. पण भर सभेत माझी सासूच माझ्या ठरावाला आडवी आली, हेच मला झोंबलं.

"आई, जंगल आपलंच हाये का नाई? बसा तुमी."

लोक हसले. ती बसली. ग्रामसेवकाला दुसऱ्या गावची सभा गाठायची होती, त्यानं घाईघाईत मजकूर सांगितला आणि मी लिहिला: सर्वानुमते मंजूर. आमच्याकडे प्रत्येक ठराव सर्वानुमतेच होतो. विरोध लिहिला तर वरून विचारणा होते, म्हणून तो लिहायचाच नाही ही रीत. सासूनं अंगठा दिला आणि शाई पदराला पुसली.

जाळ्या आल्याच नाहीत, कारण मागणीचा अर्ज आम्हीच उशिरा पाठवला. आणि पाच-पाच जणींचं माझं कलम पहिल्याच दिवशी हवेत गेलं. ते का, हे गावातल्या कुठल्याही पोरीनं सांगितलं असतं, पण मी उंटावरून शेळ्या हाकत होते. आमच्याकडे मोहाची झाडं घराघराची ठरलेली असतात. सासऱ्याच्या बापाचं झाड ते आमचं झाड, त्याखालचं एक फूलही दुसरीनं उचलायचं नाही. त्यामुळे पाचही जणी जंगलाच्या तोंडापर्यंत मिळून जायच्या आणि तिथून एकेक करून आपापल्या झाडाकडे फुटायच्या. वाटेवर पाच आणि झाडाखाली एकटी. आमची दोन झाडं सगळ्यांत लांब, नाल्यापलीकडे.

दुसरी गोष्ट मला आठवडाभरानं कळली. गावाच्या नळाला पाणी सोडायचं काम माझ्याकडे होतं; दुपारी टाकीवर चढले तर जंगलात ठिकठिकाणी धुराच्या बारीक रेघा. लोक जाळतच होते, फक्त बादलीभर पाणी जवळ ठेवून, चोरून. मी खाली उतरले आणि कोणाला काही बोलले नाही. कोणाकोणाशी भांडणार? घरी येऊन सासूला विचारलं, तुमीबी जाळता का?

"मी खराट्यानंच झाडतो," ती म्हणाली. "सून मेंबर अन् सासूच जाळते, असं नाई म्हणाले पाह्यजे कोणी."

मला बरं वाटलं. म्हातारीला पटलं अखेर, असं मी मनात म्हटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग शेजारच्या गावात वाघानं एक गाय मारली. चार दिवसांनी आमच्या नाल्याच्या ओल्या वाळूत पंजे उमटलेले दिसले, माझ्या पसरलेल्या हाताएवढे. गार्डनं गावात फिरून सांगितलं, दोन-चार दिवस जाऊ नका. पण मोह दोन-चार दिवस झाडावर थांबत नाही. बायका जातच राहिल्या आणि सासूही गेली. मी जाऊ नका म्हटलं, ती हो म्हणाली आणि पहाटे टोपलं डोक्यावर ठेवून निघाली. सोबत जायचं माझ्या मनात आलं होतं. नळ सोडायची वेळ तीच, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं की मला भीती वाटत होती.

त्या दिवसांत माझी सकाळ कानांत असायची. नळाशी बायकांची भांडणं सोडवताना अर्धं लक्ष जंगलाच्या वाटेकडे. परतणाऱ्या बायका दिसायच्या आधी ऐकू यायच्या. त्यांच्यातली एक, आमची शेजारीण, मोठमोठ्यानं हसायची. ते हसणं कानी पडलं की मी लगेच नळावरच्या एखाद्या बाईवर खेकसायचे, कारण जीव भांड्यात पडला की मला राग येतो. हा माझा जुना स्वभाव.

त्या दिवशी हसणं आलं नाही. पायांचा आवाज आला, धावणाऱ्या पायांचा. चौघी होत्या. शेजारणीच्या डोक्यावर टोपलं नव्हतं.

"आमी तीनदा हाका मारल्या," ती म्हणाली. "ओ आली नाई."

आमच्या बायका जंगलात एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत. एकीनं ओ म्हणायचं, दुसरीनं ओ द्यायची. ओ आली नाही म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. मी विचारलं, झाडापर्यंत काऊन नाई गेल्या? त्या क्षणी मला तिचा इतका संताप आला की हात उचलला जाईल असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं की मी तर गावाच्या बाहेरही गेले नव्हते.

गार्डला फोन केला. तो येईपर्यंत दहा-बारा माणसं जमली, हातात काठ्या आणि पत्र्याचे डबे. मला कोणी चल म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. मी त्यांच्या मधोमध चालले. कडेला चालायची माझी हिंमत नव्हती. डबे बडवत, ओरडत आम्ही वाटेनं निघालो.

वाटेत इतरांची झाडं लागली. प्रत्येकाच्या खाली अंगणाएवढं काळं वर्तुळ, स्वच्छ, त्यावर पांढरी फुलं. त्या काळ्या जमिनीवरून नजर सरळ पलीकडच्या झुडपांपर्यंत जात होती. ससा हलला तरी दिसला असता. प्रत्येक वर्तुळ ओलांडताना मला थोडा धीर आल्यासारखं वाटायचं आणि ते संपलं की मी पुन्हा माणसांच्या मधोमध सरकायचे. सासू सभेत काय सांगत होती ते मला तेव्हा पायांनी कळलं.

नाला ओलांडला. आमच्या झाडाकडे जायला वर्तुळ नव्हतंच. गुडघाभर पाचोळा, कमरेएवढी झुडपं, सगळं एकाच तपकिरी रंगाचं. त्यात काहीही बसलेलं असू शकत होतं. डबे बडवणारेसुद्धा तिथे आल्यावर एकमेकांना चिकटून चालायला लागले. पुढच्या माणसानं हात वर केला आणि सगळे थांबले. जमिनीवर टोपलं आडवं झालेलं होतं. फुलं सांडलेली, त्यांच्यावर मुंग्या लागलेल्या. मी कोणाचा तरी शर्ट धरला. कोणाचा ते आजही माहीत नाही.

मग गार्ड म्हणाला, "उभी हाये."

ती उभी होती. मोहाच्या खोडाला पाठ लावून, दोन्ही हातांत खराटा छातीशी धरून, ताठ. डोळे उघडे होते आणि ते आमच्याकडे नव्हते. समोरच्या झुडपाकडे होते. त्या झुडपाखाली पाचोळा दबलेला होता, मोठं अंग बराच वेळ बसून उठावं तसा. गार्डनं जवळ जाऊन हात लावून पाहिलं. जागा अजून गरम होती. आमचे डबे ऐकून ते उठून गेलं होतं. मी अंतर पावलांनी मोजलं नाही, पण तिथून टाकलेला दगड तिच्या पायाशी पडला असता.

मी तिच्या खांद्याला हात लावला तशी ती खाली बसली. इतका वेळ ती कशी उभी राहिली, कोण जाणे. गुडघ्याच्या दुखण्यानं ती घरात चुलीपाशीसुद्धा दोन मिनिटं उभी राहत नसे. खराटा तिच्या मुठीतून आम्ही सोडवू शकलो नाही, तसाच घरी आणला.

चहा दिला, प्याली. दुपारपर्यंत मी तिच्याशेजारी बसून राहिले. शेवटी मी विचारलं, "हाका ऐकू नाई आल्या का?"

"आल्या ना. तीनबी आल्या."

"मंग ओ काऊन नाई देली?"

"देली असती त त्या आल्या असत्या. झुडपातून, मान खाली घालून. एखादी त्याच्याच अंगावर गेली असती." ती गुडघा चोळायला लागली. मग म्हणाली, "मले वाटत होतं, आपण बसून जावं. पाय नाई राह्यले होते. पण बसली का लहान दिसतो आपण, जनावर समजते तो. अन् मले काही झालं असतं त गावानं तुले जगू नसतं देलं. हिच्या ठरावानं सासू खाल्ली म्हणले असते. म्हणून उभीच राह्यली."

मी उठून मागच्या दारी गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. वाघ समोर बसलेला असताना ही बाई माझ्या अब्रूचा विचार करत होती. जिला मी चारचौघांत बसा म्हटलं होतं.

पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की त्या ठरावाला माझ्या सासूचा विरोध होता आणि तो मी लिहिला नाही. ग्रामसेवक चुळबुळला. बरीच भांडणं होऊन नवा नियम झाला, की एका झाडाखाली दोन घरच्या बायकांनी जायचं, एकीनं वेचायचं आणि एकीनं नुसतं उभं राहून बघायचं. दुसरीच्या फुलाला हात लावायचा नाही ही जुनी रीत कायम राहिली, कारण बघणारीनं काही उचलायचंच नव्हतं. सभेत चूक कबूल करायला मला फारसं जड गेलं नाही. लोक होते, उजेड होता, बोलायची सवय होती.

जड गेली ती त्या प्रसंगानंतरची दुसरी सकाळ, नियम व्हायच्या आधीची. मी म्हटलं, यंदाचा मोह राहू द्या. ती म्हणाली, एक डाव भेली त मंग कधीच जाता नाई येणार. माझ्या रागावण्याला तिनं दाद दिली नाही. तेव्हा मी चपला घातल्या.

झाडाखाली पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. मोहाचा गोड, जड वास, आणि एक पान पडलं तरी ऐकू येईल एवढी शांतता. तिनं मला झुडपांकडे तोंड करून उभं केलं. मला दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. जे दिसत होतं ते सगळं वाघासारखं दिसत होतं. मी पाय स्थिर ठेवायला बघत होते, तरी पायाखालचा पाचोळा वाजत होता. तिला सांगावंसं वाटलं की मला यातलं काही येत नाही, माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

ती माझ्याकडे पाठ करून वाकली आणि वेचायला लागली. टोपलं भरेपर्यंत तिनं एकदाही मान वर केली नाही.