मोहाचा बहर

शाहपुऱ्यातल्या आमच्या कॉलनीच्या बागेत मी आणि माझ्या नवऱ्याने मोहाचं रोप लावलं होतं. कित्येक उन्हाळे आम्ही घरून बादल्या नेऊन ते जगवलं. नवरा गेल्यावर मी एकटीच पाणी घालत राहिले. यंदा त्याला पहिल्यांदा फुलं आली. आठवडाभर भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले आणि परतले, तर झाड बुंध्यापासून कापलेलं. कॉलनीचे सेक्रेटरी समजावत म्हणाले, “आंटीजी, फूल गिरकर गाड़ियाँ गंदी होती थीं. अब वहाँ पाम लगाएँगे.”

मला भांडायचं होतं, पण मी तशीच घरी निघून आले. पाम लावायला त्यांनी मलाच बोलावलं. गुडघे दुखतात असं सांगून मी दार लावून घेतलं. आता मला काहीच लावावंसं वाटत नाही.