गोदूवहिनीचं शिंपल्यांचं तोरण

भाट्याच्या किनाऱ्यावर शिंपले फुकट मिळतात आणि आम्हा बायकांना अपमान घरबसल्या! आम्ही चौघी शेजारणी दुपारी गोदूवहिनीच्या पडवीत शिंपल्यांची तोरणं, करवंटीच्या डब्या करायचो. किस्से तिथेच साठले. अजून आठवले तरी डोकं तापतं.

*

गोदूवहिनीने शिंपले भिजत घातले, की तिच्या सासूबाई ओरडायच्या, "घरात मासळी शिरवलीस गो!" दोनदा तर टोपली माडाच्या आळ्यात ओतली. पण तोरण दाराला लागलं, की आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या बाळूने केलंन हो!" बाळू म्हणजे गोदूवहिनीचे यजमान, कचेरीतले कारकून.

*

बरं, हे भाऊजी तरी नाही म्हणतील? छे! हेडमास्तरांनी विचारलं, "शिंपल्यांना भोकं कशी पाडलीत?"

"गिरमिटाने. सवय लागते."

अहो, गिरमिटाने शिंपला फुटतो! पायरीच्या खरखरीत चिऱ्यावर त्याचा फुगवटा घासत बसावं लागतं. गोदूवहिनी दाराआड उभी होती, बोटं सोललेली.

*

एकदा एका अंमलदाराची बायको आली. दारावरचं तोरण स्वतःच्या हाताने काढलं आणि म्हणाली, "समुद्राचेच तर शिंपले! तुम्ही दुसरं करा." घेऊन गेलीसुद्धा. समुद्राने काय काथ्यात ओवून दिले होते?

*

मग स्वदेशी प्रदर्शन भरलं. गोदूवहिनीच्या तोरणाला पहिला नंबर! तो दिवस फक्त बायकांचा, आणि भाऊजी फिरतीवर दाभोळला. पुण्याहून आलेल्या चिटणीसबाई सर्टिफिकेट लिहायला बसल्या.

"यजमानांचं नाव सांगा. बक्षीस त्यांच्या नावे द्यायचा नियम आहे."

जन्मात कुणाला उलट न बोललेली गोदूवहिनी म्हणाली, "नवऱ्याचं नाव मी घेत नाही. करणारीचं लिहा. गोदावरी."

"मग उखाण्यात घ्या!"

"आठवत नाही."

दर हळदीकुंकवाला हिचे चार-चार उखाणे व्हायचे! चिटणीसबाई आमच्याकडे वळल्या. आम्ही तिघींनी पदर सावरले. "परक्या पुरुषाचं नाव? शिव शिव!"

शेवटी त्यांनी सोबत आलेल्या सासूबाईंना गाठलं. "आजी, मुलाचं नाव तुम्ही तरी सांगा."

झालं! आता बाळूचंच नाव लागणार.

"माझ्या मामंजींचं नाव ठेवलंय त्याला. मी कशी घेऊ? बाळूच म्हणते."

"मग बाळू लिहू?"

सासूबाईंनी सुनेच्या बोटांकडे पाहिलं.

"बाळू कशाला? त्याला सुईत दोरा ओवता येत नाही!"