चंदनबाला बाईंचा रोखीचा नियम

चंदनबाला बाईंना साड्यांचं वेड होतं आणि ते त्या लपवतही नव्हत्या. सांगलीतल्या एका शाळेत त्या मराठी शिकवत. पगार बँकेत यायचा आणि कार्डावरून परस्पर साडीच्या दुकानात जायचा. वाटेत तो बाईंच्या हाताला लागायचाच नाही. कार्ड घासलं की पिशवी हातात. झळ बसायची ती महिनाअखेरीला, आणि तीही नवऱ्याला. भरतेश बिल वाचून नुसते 'हं' म्हणायचे. त्या 'हं'चा बाईंना भारी राग यायचा, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

यंदा चातुर्मासाला जैन मंदिरात मुनिमहाराज आले. जो तो काही ना काही नियम घेत होता. कुणी रात्रीचं पाणी सोडलं, कुणी गोडधोड. बाईंनी हात जोडून सांगितलं, "दिवाळीपर्यंत कार्ड नाही, मोबाईलवरून पैसे देणं नाही. जे घ्यायचं ते रोख." महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. आपला हा हव्यास एकदाचा सुटावा, एवढंच बाईंना मनापासून हवं होतं.

आणि सुटला की! पहिल्याच आठवड्यात एक जांभळी इरकल मनात भरली. पर्समधून पाचशेच्या नोटा काढता काढता तिसऱ्या नोटेला हात अडखळला. "राहू दे, पुन्हा बघू," म्हणून बाई उठल्या. दुकानदार बघतच राहिला. दोन महिन्यांत घरात एकही साडी आली नाही, आणि भरतेशना 'हं' म्हणायची सोय उरली नाही.

फक्त एक झालं. नोट मोडायची म्हटलं की बाईंच्या जिवावर यायला लागलं.

मंदिराच्या कोपऱ्यावर सुलाबाई भाजी घेऊन बसायची. मूळची जतकडची. चातुर्मास लागला की बाई दिसताच ती कांदे-बटाटे बाजूला सारून दोडका-भेंडी पुढं करायची. पूर्वी ती सांगेल तो आकडा बाई मोबाईलवर टाकायच्या आणि चालू पडायच्या. आता मात्र "पाच कमी कर", "वर दोन भेंड्या टाक" असं रोज चाललेलं.

पर्युषणात महाराजांनी भर प्रवचनात बाईंचं नाव घेतलं. "लोभ कसा सोडावा ते यांच्याकडून शिका." सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. बाईंना आकाश ठेंगणं झालं. त्याच आनंदात त्या कोपऱ्यावर थांबल्या.

"दोडका कसा?"

"ईस रुपये पाव."

"पंधराला दे."

"न्हाई वो परवडत, बाई."

"बरं, अठरा. तुझं नको, माझं नको."

सुलाबाईनं दोडका तोलला, अठरा रुपये घेतले आणि न रागावता म्हणाली, "खरं सांगू का बाई? मोबाईल दाखवत हुता, तवा तुमी लय चांगल्या हुता."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईनं दोन रुपयांचं नाणं पुढं केलं, तोवर सुलाबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई मंदिरात गेल्या. "नमोस्तु महाराज. आणखी एक नियम हवाय. भाजीवालीशी घासाघीस करायची नाही, जन्मभर."

महाराज हसले. "हा तर सोपा आहे."

"नाही महाराज," बाई म्हणाल्या, "सोपा साड्यांचा होता."