वणीच्या मॅडमचा हात

मॅडमच्या घरातल्या पार्लरमध्ये बाई खुर्चीत बसली की मॅडम आधी खुर्ची फिरवायच्या. आरसा पाठीमागे जायचा आणि बाईसमोर यायची खिडकी. खिडकीतून चंद्रपूर रोड दिसायचा आणि त्यावरून जाणारे कोळशाचे ट्रक. नवीन बाई घाबरून विचारायची, "मॅडम, मले दिसन कसं, काय होऊन राह्यलं ते?" मॅडम केसांवर पाणी मारत म्हणायच्या, "झाल्यावर दिसनच ना. आरशात बाई सोताचं तोंड नाही पाहत, दुसरीचं शोधते." केस कापून संपेपर्यंत खुर्ची परत फिरायची नाही. एकदा तहसील ऑफिसातली एक बाई अर्ध्यातच मान वळवून बघायला लागली, तर मॅडमनी तिचा खांदा दाबून तिला सरळ बसवलं, जणू इंजेक्शन द्यायचं आहे.

मॅडमना नाव होतं, पण ते वणीत कोणी घेत नसे. त्याही कोणाचं नाव घेत नसत, गावावरून हाक मारत. मी घाटंजीची, म्हणून "ए घाटंजी, टॉवेल दे." मी सव्वीस वर्षांची होते. नवऱ्याचं घर सोडून वणीला मोठ्या बहिणीकडे आले होते. भावजी ट्रक चालवायचे. घाटंजीत लग्नाआधी मी ब्लाऊज शिवत असे, तेवढ्या भांडवलावर बहिणीने मला मॅडमपुढे उभं केलं. मॅडम उंच, हडकुळ्या, गालात कायम लवंग. स्वतःचे केस स्वतःच मानेपर्यंत कापायच्या, तेही न बघता. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, "शिवणकाम चुकलं तं काय करते?"

"उसवते."

"इथं उसवता येत नाही. उद्यापासून ये."

पहिल्या दिवसापासून त्यांचा एकच धोशा होता, "माहा हात उचल." म्हणजे त्यांची नक्कल कर. त्या कंगवा जसा धरतात तसा धर, बटा जशा वेगळ्या करतात तशा कर, कात्री चालवताना श्वास रोखतात तोही रोख. मी उचलला. सहा-सात महिन्यांनी एका मास्तरीणबाईचे केस मी पुरते कापले आणि त्यांना पत्ताही लागला नाही की कापणारी मॅडम नव्हती. बाई पैसे देऊन गेल्या. मी कौतुकाची वाट पाहत उभी. मॅडमनी जमिनीवरचे केस पायाने सारले आणि म्हणाल्या, "हे तं मीच कापलं. मंग तू कुठी होती?"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, माझा हात उचल."

"म्हटलं होतं. म्हटलं म्हणून जलमभर तेच करशीन काय?"

मी घरी येऊन बहिणीला विचारलं, याचा अर्थ काय. ती तुरीची डाळ निवडत होती. म्हणाली, "तुह्या मॅडमले काय पाह्यजे ते तिले तरी मालूम हाय काय?" मला तो प्रश्न त्या वेळी उद्धट वाटला. आता वाटत नाही.

मोबाइलमधला फोटो दाखवणाऱ्या बायकांचा मॅडमना राग यायचा. "हे कपाळ तुह्यं हाय काय? मंग हे केस तुह्ये कसे होतीन?" असं म्हणून त्या मोबाइल उलटा करून ठेवायच्या. हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की एके दिवशी मीच पुढे होऊन एका मुलीला ते वाक्य ऐकवलं. मुलगी एका कपड्याच्या दुकानात कामाला होती, तिने कुठल्याशा नटीचा फोटो आणला होता. मॅडमनी मला बाजूला केलं, फोटो नीट पाहिला, दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि तासभर खपून हुबेहूब तसे केस कापून दिले. केसांच्या टोकाचा बाकसुद्धा तोच. मुलगी रडायची तेवढी राहिली. ती गेल्यावर मी विचारलं, "काहून मॅडम? तुम्ही तर फोटो पाहत नाही."

"तिले तेच पाह्यजे होतं."

"सगळ्यांनाच तेच पाहिजे असतं."

"नाही. बाकीच्याईले वाटते तेच पाह्यजे म्हणून."

यातला फरक कसा ओळखायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण तोवर मला कळलं होतं की मॅडमना विचारून गोंधळ वाढतो.

मग एका वर्षी दिवाळीच्या पुढे-मागे मॅडम विझल्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. गिऱ्हाईक होतं, हात चालत होता, पण प्रत्येक बाईचे केस सारखेच कापले जायला लागले. मागून अर्धगोल, पुढून दोन बटा. कॉलेजची मुलगी असो की साठीची आजी. खुर्ची फिरवणंही त्यांनी सोडलं. बाया खूश होत्या, त्यांना आरसा दिसत होता. ही गोष्ट माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आली नाही, आणि हेच मॅडमना लागलं असावं. त्या लवंग चघळत म्हणाल्या, "घाटंजी, मी आंधळी होऊन कापलं तरी चालते म्हणते हे गाव."

त्यांनी उपाय केले. एका सौंदर्यप्रसाधनाच्या कंपनीचं शिबिर यवतमाळला एका हॉटेलात होतं, तिथे दोन दिवस जाऊन आल्या. प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी भिंतीवर न लावता कपाटात कंगव्यांच्या फणेरीखाली अंथरलं. "काय शिकवलं?" मी विचारलं. "हसाले शिकवलं," म्हणाल्या. साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, कोळशाच्या खाणीत कामाला होते. एका सकाळी रात्रपाळी करून आले आणि चहा पिता पिता सहज म्हणाले की शहराबाहेर पऱ्हाटीच्या, कापूस वेचून रिकाम्या झालेल्या वावरात मेंढ्या बसल्या आहेत आणि मेंढपाळ लोकर कातरत आहेत. मॅडमनी कपबशी खाली ठेवली. "चाल," मला म्हणाल्या. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली होती. त्यांना "येतोच" सांगून आम्ही स्कुटीवर निघालो.

एक म्हातारा मेंढपाळ मेंढीचे पाय बांधून तिला मांडीशी घेऊन बसला होता. त्याची कातर लोखंडाची, चांगली वीतभर लांब. मॅडम त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. पाऊण तास बसल्या. म्हातारा कातरीकडे पाहतच नव्हता, गप्पा मारत होता. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "त्याचा डावा हात पाह्य." डावा हात लोकरीच्या आत, कातडीवर, पुढे पुढे सरकत होता आणि कातर त्याच्या मागे मागे जात होती. मग मॅडमनी त्याला विचारलं, माझं पार्लर आहे, एक मेंढी मला कातरायला द्याल का. म्हातारा हसला. "बाई, मेंढी हाय हे. इचं लगीन नाही."

तरी त्याने दिली. मॅडमनी पदर खोचला. अर्धी पाठ कातरून झाली आणि मेंढी सुटली. एका बाजूने उघडी, एका बाजूने झुलत्या लोकरीची अशी ती वावरभर पळाली. तिच्यामागे म्हाताऱ्याचं अख्खं कुटुंब. मॅडम ढेकळात बसून इतक्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना माझी ओढणी लागली. कित्येक महिन्यांत त्यांना मी हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची पुन्हा खिडकीकडे फिरली. मी रोज त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, काही नवीन दिसेल. काही दिसलं नाही. हात पूर्वीसारखाच होता. पण आजीचे केस आजीचे आणि पोरीचे केस पोरीचे व्हायला लागले. मेंढीकडून त्या काय शिकल्या, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी दोनदा विचारलं. एकदा म्हणाल्या, "काहीच नाही." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "माह्यानं जमत नाही असंही काही हाय, हे पाह्यलं."

मी त्यांच्याकडून निघाले, ते शीतलमुळे. शीतल पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे मैदानावर धावायची. केस कमरेच्या खाली. आईसोबत आली, तेव्हा मॅडम कामाने बाहेर गेल्या होत्या. पोरगी म्हणाली, "बारीक करा, पोट्ट्यासारखे." आई म्हणाली, "खांद्यापर्यंतच. मी बारा वर्सं तेल लावलं यायले." दोघी माझ्या पार्लरात, म्हणजे मॅडमच्या पार्लरात, भांडायला लागल्या. आई रडायलाही लागली.

मॅडम असत्या तर त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली असती आणि एका झटक्यात वेणी उतरवली असती. मी खुर्चीला हात घातला होता, पण फिरवली नाही. का ते सांगता येत नाही. मला त्या आईचा चेहरा आरशात दिसत होता एवढंच. मी वेणी आईच्या हातात दिली. म्हटलं, "मावशी, तुम्ही धरा." आणि खांद्यापर्यंत कापले. थांबले. दोघींना पाहू दिलं. शीतल म्हणाली, अजून. मी दोन बोटं कापले, पुन्हा थांबले. आईला विचारलं, "चालते?" तिने मान हलवली. असं पाच वेळा. कानाजवळ आल्यावर आईच म्हणाली, "आता मागून साफ कर, धावताना घाम येते तिले." सगळं व्हायला दीड तास लागला. शीतलचं कपाळ मोठं होतं, मी पुढे थोडे केस तिरके सोडले. मॅडम असे कधी सोडत नसत.

मान वर केली तर मॅडम दारात उभ्या. कधीपासून, माहीत नाही. त्यांनी आरशासमोरची खुर्ची पाहिली, पाच थरांत पडलेले केस पाहिले. मायलेकी गेल्यावर त्यांनी झाडू माझ्या हातातून घेतला आणि स्वतः झाडलं. म्हणाल्या, "हा माहा हात नाही."

मी सुपली पुढे धरली. केस भरून झाल्यावर त्या म्हणाल्या,

"एक तारखेपासून येऊ नको."

"माझं काय चुकलं, मॅडम?"

"मी चुकलं म्हटलं काय?"

बस. तीन वर्षं मी त्या घरात चहासुद्धा त्यांच्या कपातून प्यायले होते. मी सामान उचललं आणि रडत रडत बहिणीकडे गेले. आठवडाभर कधी वाटायचं की त्यांनी मला हाकललं, कधी वाटायचं की त्यांनी मला पास केलं. बहीण म्हणाली, "दोन्ही सारखंच. काम तं गेलं ना."

मी घाटंजीला परत आले. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खोली घेतली, शिवणयंत्र विकून खुर्ची आणली. सुरुवातीला रोज एक प्रश्न छळायचा. मॅडमसारखं कापावं तर त्या म्हणतील, तू कुठी होती. वेगळं कापावं तर कोणासारखं? मी कधी खुर्ची फिरवून पाहिली, कधी नाही. कधी फोटो उलटा ठेवला, कधी सुलटा. एखादा दिवस हात आपोआप चालायचा, मग पंधरा दिवस सगळे केस सारखे दिसायचे. अशा वेळी मी बाजारात जाऊन उगाच उभी राहत असे, बायकांच्या माना बघत. मेंढ्या काही आमच्याकडे बसल्या नाहीत.

दोन वर्षांनी बहिणीचा फोन आला की साहेब निवृत्त झाले, मॅडम पार्लर बंद करून पुण्याला मुलाकडे चालल्या आहेत. मी सकाळची पहिली गाडी धरली. घरात खोकी बांधलेली. मॅडमनी मला पाहून "आली काय, घाटंजी" एवढंच म्हटलं आणि दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही चार खोकी बांधली. मग मी विचारलं.

"मॅडम, तेव्हा तुम्ही मला रागाने काढलं, की मी शिकले म्हणून काढलं?"

त्या खोक्यावर बसल्या. खरंच विचार करत होत्या.

"रागानंच काढलं," म्हणाल्या. "लय राग आलता. माह्या खुर्चीत, माह्या गावात, लोकाईले तुह्यं काम आवडलं. त्या पोरीची माय चौकात सांगत फिरत होती. महिनाभर तुह्यं नाव काढू देल्लं नाही कोणाले. मंग वाटलं, बरंच झालं, इथं राह्यली असती तं माह्यासारखीच झाली असती. आता तुले यातलं जे घ्याचं ते घे."

मी काय घ्यावं ते मला कळलं नाही. मी त्यांच्या पाया पडले. साहेब टेम्पोवाल्याला आवाज देत होते.

पुण्याहून त्या अधूनमधून फोन करतात. परवा भरदुपारी आला. आवाज असा की मी घाबरलेच, काही झालं की काय. म्हणाल्या, "घाटंजी, माहे केस मी दुसऱ्याकडून कापून घेतले. पयल्यांदा. इथं खालीच दुकान हाय. दाढीवाला पोट्टा हाय, कानात बाळी. काय कापलं म्हणून सांगू तुले! तुह्याहून चांगलं. माह्याहूनही चांगलं. मी त्याले म्हटलं, मले शिकव. तं हसून राह्यला तो. मी म्हटलं, हसू नको, उद्या येतो."

मी म्हटलं, "वा मॅडम." त्या पोराचा हेवा वाटला, मॅडमचा आनंद झाला, आणि तुह्याहून चांगलं म्हणाल्या ते लागलंही. यातलं नेमकं जास्त काय होतं, ते बघायला वेळ नव्हता, कारण खुर्चीत एक बाई बसलेली होती. आर्णीकडची होती, नवीनच. मी फोन ठेवला, कंगवा घेतला आणि विचारलं, "कसे कापू?"

ती म्हणाली, "माह्या नणंदेचे पाह्यले. तुम्ही कापता ना, तसेच कापा."

मी कंगवा हातात धरून तशीच उभी राहिले. तसे म्हणजे कसे, हे मला तिला विचारावंसं वाटत होतं.