इंजिनाला लावलेली सासूबाईंची काठी

हसायचंच असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. सासुरवाडीत माझ्या नावानं जो किस्सा फिरतोय, त्यात तिखटमीठ फार आहे. म्हणून म्हटलं, आपली फजिती आपणच सांगावी. निदान माझी बाजू तरी कोणी ऐकेल.

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं मेंटेनन्स फिटर आहे. चालू मशीनच्या बेअरिंगवर लांब पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. बेअरिंग आधी बारीक सूं करतं, मग घरघरतं, मग ठोकायला लागतं. साहेब लोक तपासायची यंत्रं घेऊन येतात आणि शेवटी विचारतात मलाच. हा पेचकस मी कुणाला देत नाही. त्याच्या मुठीवर तापल्या तारेनं ‘मेश्राम’ असं कोरलंय. कारण आमच्याकडे हत्यार टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेलात, तर परत आल्यावर फक्त टेबल सापडतं.

आता माझा साळा प्रशांत. त्यानं महिन्याभरापूर्वी जुनी गाडी घेतली, आणि त्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं नरखेडला. रविवारी सकाळी अकरा वाजता, तिथल्या विहारात. शनिवारी संध्याकाळी स्वारी गाडीसकट माझ्या दारात.

“भाऊजी, उद्या सकाळी निघाचं आहे. एकदा कान लावून पाहून घ्या ना.”

बघा. तो माझ्याकडे आला, मी त्याच्या मागं लागलो नव्हतो. हे मात्र कोणी सांगत नाही. मी बॉनेट उघडलं, पेचकस लावला, चारही बाजूंनी ऐकलं. इंजिन एकदम निरोगी. तेवढ्यात बायकोनं, रंजनानं, चहा गार होतोय म्हणून हाक मारली. मी बॉनेट आपटलं आणि आत गेलो.

रविवारी सकाळी पाहतो तर पेचकस गायब. पिशवी पाहिली, कपाट पाहिलं, गादीखालीसुद्धा पाहिलं.

“रंजना, माझा पेचकस कुठं ठेवलास?”

“मी काहून ठेवू तुमचा पेचकस? साक्षगंधाले चाललो ना आपण, का मशीन खोलाले?”

या घरात आवराआवरीच्या नावाखाली काय काय गडप झालंय, ते मलाच माहीत. मी तोंड फुगवून गाडीत बसलो. पुढं प्रशांत आणि मी, मागं रंजना आणि सासूबाई, मधे साडीचोळी आणि मिठाईचे डबे.

कळमेश्वर मागं पडलं. पुढं एक गतिरोधक आला, रंग उडालेला, दिसलाच नाही. गाडी दणकन आदळली. आणि मग सुरू झालं. ठक ठक ठक ठक.

“थांबव,” मी म्हणालो.

“काहून, भाऊजी?”

“बेअरिंग गेलं.”

तो गाडी थांबवेना, तर मी दरवाज्याला हात घातला. तेव्हा थांबला. आता ऐकायला पेचकस नाही. काय करणार? सासूबाईंची काठी घेतली. शिसवी काठी, आवाज छान वाहते. एक टोक इंजिनावर, दुसरं माझ्या कानामागं. सासूबाई रंजनाच्या खांद्याला धरून रस्त्याच्या कडेला उभ्या. जाणारे-येणारे मोटारसायकली हळू करून पाहत होते. पाहू देत.

प्रशांतला म्हटलं, दे एक्सिलेटर. दिला की ठोका वाढायचा, सोडला की कमी. वरून टॅपेटची टिकटिक आली असती तर मी सोडून दिलं असतं. पण हा आवाज खालून येत होता, ऑइलच्या चेंबरपाशी, लोखंडावर लोखंड. अहो, पुस्तकात लिहितात तसा बेअरिंगचा ठोका.

“पण काल तं तुम्हीच म्हणले का इंजिन चांगलं आहे,” प्रशांत रडवेला झाला. “भाऊजी, मी हळूहळू नेतो ना.”

“ने. वाटेत क्रँक चिकटून इंजिन जाम झालं तर साक्षगंधाचा फोटो शेतात काढ. मी इथंच उतरतो.”

जावई रस्त्यात उतरतो म्हटल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. “जवाईबापू म्हणून राहिले तं खरंच असंल. उतर गा, प्रशांत.”

गाडी ढकलत ढकलत जवळच्या गॅरेजात नेली. गुड्डूभाऊ म्हणून मिस्त्री होता. त्यानं सुपारी चघळत आवाज ऐकला.

“भाऊ, आधी इंजिनाखालचा पत्रा काढून पाहू का? पाच मिनिट लागते.”

पत्रा? मला राग आला. बावीस वर्षांच्या कानाला हा पत्रा शिकवतो. “पत्र्याचं सोडा, बेअरिंग खोला,” असं मी त्याला सुनावलं. तेवढ्यात नरखेडची एसटी आली. प्रशांतनं गुड्डूभाऊला चावी आणि विहाराचा पत्ता दिला आणि मी सगळ्यांना हाकलतच आत चढवलं. नवरदेव नवा कोट घालून उभ्यानं गेला. त्याच्या डोक्यावर मिठाईचा डबा होता, कारण खाली ठेवायला जागा नव्हती.

विहारात पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आणि तिथलं वातावरण काही बरं नव्हतं. या मुलीचं आधीचं एक स्थळ असंच, गाडी बिघडली म्हणून फोन करून आलंच नव्हतं. मुलीचे वडील दारातच उभे. प्रशांतनं त्यांना गाडीचं सांगितलं.

“पोरगी पसंत नसंल तं सरळ सांगा. गाडीले काहून बदनाम करता?”

प्रशांतचा चेहरा उतरला. मुलगी आत मान खाली घालून बसलेली. आता जमलेलं लग्न माझ्या बेअरिंगवर अडकलं होतं. मी पुढं झालो. स्टीलचा पेला आणि चमचा मागितला आणि पाहुण्यांसमोर ठोका वाजवून दाखवला. टॅपेट असा वाजतो, बेअरिंग असं. हळूहळू माणसं सरकत जवळ आली.

मुलीच्या वडिलांची संत्र्याची बाग. त्यांचे डोळे चमकले. “असंच वाजे माह्या डिझेल पंपाचं, मागच्या साली. कोणालेच नाही समजलं. ऐन उन्हाळ्यात इंजिन जाम झालं.” त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “तुम्ही नसते तं पोरं रस्त्यात अडकले असते.”

साक्षगंध थाटात झालं. आणि नंतर त्यांनी माईक घेऊन माझा सत्कार केला. शाल घातली. टाळ्या. खरं सांगतो, ऊर भरून आला. कारखान्यात बावीस वर्षांत कोणी रुमालसुद्धा दिला नव्हता.

जेवायला पानं मांडली आणि बाहेर हॉर्न वाजला. प्रशांतची गाडी. आवाज नाही, काही नाही. गुड्डूभाऊ स्वतः घेऊन आला होता.

“इतक्या लवकर बेअरिंग बदललं?” मी विचारलं.

“बेअरिंग कायचं, भाऊ. पत्रा काढला, अन् हा मह्या छातीवर पडला.” त्यानं खिशातून लांब पेचकस काढला. “पत्र्यात अटकला होता. इंजिन हाललं का चेंबरले ठोके मारे.” मग मूठ उन्हात धरून मोठ्यानं वाचलं, “मेश्राम. हे कोण आहे इथं?”

पहिलं हसू फुटलं ते नव्या नवरीला. मग रंजना म्हणाली, “सापडला वाटते.”

आता मला सांगा, माझं चुकलं कुठं? खालून आवाज, म्हटलं होतं. चेंबरपाशी, म्हटलं होतं. लोखंडावर लोखंड, तेही म्हटलं होतं. कान कुठं खोटा पडला? पण हे ऐकतंय कोण.

मुलीच्या वडिलांनी पुन्हा माईक घेतला. या मिस्त्रीनं रविवारचं काम टाकून आपली गाडी पोचवली, म्हणाले, त्याचाही सत्कार व्हायला पाहिजे. व्हायलाच पाहिजे, माझी ना नाही. पण जास्तीची शाल त्यांनी एकच आणली होती. ते सरळ माझ्याकडे आले आणि माझ्या खांद्यावरून ती उचलून गुड्डूभाऊला घातली.

टाळ्यांचा नुसता कडकडाट. सगळ्यांत पुढं सासूबाई, काठी काखेत धरून.