झोत धरणारा झेब्रॉन

झेब्रॉनला कुणी प्रेमळ म्हणणार नाही. सदा कुरकुर. चहा दिला तर पाणचट, मक्याच्या पिठाचा एन्शिमा वाढला तर कच्चा. मी जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या लॉजच्या स्वयंपाकघरात कामाला होते आणि गावात त्याची शेजारीण, म्हणजे त्याची तोंडपाटीलकी मला दोन्हीकडे ऐकावी लागायची. पण संध्याकाळच्या फेरीला जीप निघाली, की गाइडच्या शेजारी बसून झोत धरायला झेब्रॉनच लागे. काळोखातल्या झाडीत दिवा असा फिरवायचा की लपलेला प्राणी दिसावा, पण बिथरू नये.

त्याची बायको वारली तेव्हा तो बहिणीकडे, मलिताकडे राहायला आला. मलिताचा नवरा तांब्याच्या खाणीत कामाला गेला तो तिकडचाच झाला. तिचा मुलगा फॅक्सन झेब्रॉननंच वाढवला. आमच्यात मामाचा शब्द बापाच्या वर. लॉजवर पोराला चिकटवलं तेही मामानंच. फॅक्सन हुशार, गोड बोलणारा. बघता बघता गाइड झाला आणि एक दिवस मामाच त्याच्या हाताखाली आला.

झेब्रॉनचा एक नेम होता. हरणांचे डोळे चमकले की तो दिवा विझवायचा. डोळ्यांत झोत गेला की हरिण आंधळं होतं, जागच्या जागी थिजतं. आणि हे बिबट्याला बरोबर कळतं. पाहुणे चरफडायचे, काळोखात बसायला आलोय का म्हणायचे. झेब्रॉन आमच्या भाषेत पुटपुटायचा, "बिबट्यानं आपल्या हिमतीवर खावं. मी काय त्याचा वाढपी?"

त्या भागात एक मादी होती, डावा कान फाटलेली. पाहुण्यांनी तिला काहीतरी राणीबिणीचं नाव दिलेलं, आम्ही कानफाटी म्हणायचो. पहिल्यापासून धूर्त. जीपच्या आडोशानं चालायची, म्हणजे हरणांना इंजिन ऐकू यायचं, तिची पावलं नाही.

एका फेरीत कानफाटी जीपजवळ दबा धरून बसली होती आणि समोर इंपाला हरणांचा कळप. झेब्रॉननं दिवा विझवला.

"मामा, लाव. हरणांवर धर."

"नाही धरणार."

"पाहुणे उद्या चाललेत. त्यांना शिकार बघायचीय."

"मग खाटकाकडे ने त्यांना."

फॅक्सननं मामाच्या हातातला दिवा हिसकावला आणि झोत सरळ कळपावर टाकला. हरणं खांबासारखी उभी राहिली. कानफाटीला धावावंही लागलं नाही. तिनं एकाचा गळा धरला, ओढत झाडावर नेलं आणि दातांनी केस उपटून थुंकत निवांत बसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी मॅनेजरनं झेब्रॉनला बोलावलं. झोत सांगेल तिथे धरायचा, नाहीतर उद्यापासून हिरवळीला पाणी घालायचं. फॅक्सन शेजारी उभा होता, मामाच्या बाजूनं एक अक्षर बोलला नाही. झेब्रॉननं मुकाट्यानं दिवा उचलला.

"नमलास ना शेवटी?" मी म्हटलं.

"नळी धरून गवताला पाणी घालू या वयात? पोरंटोरं हसतील." आणि वर म्हणाला, "तू तुझी भांडी घास."

मग तो सबंध हंगाम तसाच गेला. कानफाटी इतकी सोकावली की इंजिनाचा आवाज आला की झाडावरून उतरून यायची आणि चाकाशी बसून दिवा लागायची वाट बघायची. लॉजला गर्दी झाली. झेब्रॉन घरी येऊन कुणाशी बोलेनासा झाला.

पाऊस लांबला, लुआंग्वा नदी घोट्याएवढी उरली. अशा दिवसांत बिबटे नदी ओलांडून गावातल्या कुत्र्यांसाठी येतात, ते काही नवं नाही. त्या दिवशी झेब्रॉनला सुट्टी होती. नुकतंच अंधारलं होतं, तो चटईवर जेवत होता. मलिता कुत्र्याला हाक मारायला बॅटरी घेऊन अंगणात गेली. कुत्र्याचे डोळे चमकले. तिनं उजेड त्याच्यावरच धरला.

"बत्ती विझव!" झेब्रॉन ओरडला. "मलिता, विझव आधी!"

"काय म्हणतोस?" ती वळली.

कानफाटी तिच्या मागूनच आली. झेप कुत्र्यावर होती, मलिता मध्ये सापडली. मी मका कांडायचं मुसळ घेऊन धावले तेव्हा मलिता खाली पडली होती, उजवा खांदा हाडापर्यंत उघडा, आणि ती मादी कुत्र्याला तोंडात धरून कुंपणापाशी उभी. फाटका कान मी या डोळ्यांनी पाहिला.

मलिता वाचली. दोन-तीन दिवसांत वनखात्याच्या लोकांनी कानफाटीला गोळी घातली. लॉजनं पिठाचं पोतं आणि एक घोंगडी पाठवली.

मलिता दवाखान्यातून आल्यावर मुखियानं सभा बोलावली. जनावराला ही खोड कुणी लावली, असा सवाल होता.

"दिवा कुणाच्या हातात असायचा?"

"माझ्या," झेब्रॉन म्हणाला.

"धरायला कुणी सांगितलं?"

झेब्रॉननं फॅक्सनकडे पाहिलं. फॅक्सन आपल्या बुटांकडे बघत होता. पट्ट्या बांधलेली मलिता बायकांच्यात बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं, हिसकाहिसकीची गोष्ट मीच तिला सांगितली होती. ती म्हणाली, "माझा भाऊ हट्टी. तो कधी कुणाचं ऐकून काही करतो का?"

लोक हसले. खरंच होतं, झेब्रॉन कुणाचं ऐकणारा नव्हताच. मुखियानं निवाडा दिला, यानं गावात राहू नये. मी बोलायला उठले होते, पण मलितानं माझ्याकडे असं पाहिलं की परत खाली बसले.

घरी ती म्हणाली, "दादा, पोराची नोकरी गेली तर मी काय खाऊ? या हातानं आता कुदळ धरवणार नाही. तुझं काय, तुझं वय झालंय."

"झालंय," तो म्हणाला आणि गाठोडं बांधू लागला.

फॅक्सन आता लॉजचा मुख्य गाइड आहे. एका कोवळ्या नर बिबट्याला दिव्याची सवय लागतेय असं ऐकते.

गेल्या वर्षी चिपाटा शहराच्या बाजारात गेले होते. कापसाच्या गोदामाच्या दाराशी झेब्रॉन पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसलेला. गालफडं बसलेली. मी घरून भाजून नेलेल्या शेंगांची पुडी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "मलितानं पाठवल्यात."

त्यानं एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले.

"शेंगा परतायला तिला उलथनं उचलता येतं आता?"

मी पिशवीचे बंद आवळू लागले.

"खोटं बोलायला इतक्या लांब आलीस?" दाणे परत पुडीत टाकून त्यानं ती माझ्याकडे सरकवली. "जा, बस चुकेल तुझी."