सहा आणि आठच्या मधे

बावीस वर्षं बालवर्ग सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंना गेले सहा महिने एकच गोष्ट सलत होती, ती म्हणजे शेजारच्या वर्गातल्या नव्या बाई. वय पंचवीस, आवाज गोड, आणि पोरं अशी चिकटलेली की विचारू नका. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंची पोरंसुद्धा तिकडच्याच खिडकीला लोंबकळायची. "एवढं काय सोनं लागलंय तिला?" असं त्या रोज नवऱ्याला ऐकवायच्या. तो बिचारा हं हं करत जेवायचा.

त्यातच मुख्याध्यापिकांनी सांगितलं, "पुढच्या वर्षी बालवर्ग एकच राहणार. शुक्रवारी दोघींचे धडे बघते. एकीला बालवर्ग, दुसरीला चौथी." मोठ्या बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. चौथीतली पोरं कधी मांडीवर येऊन बसतात का?

धडा कमी-जास्तीचा आणि एक ते दहाच्या क्रमाचा होता. मोठ्या बाईंनी सहा बटणं दाटीने मांडली आणि त्याखाली पाच ऐसपैस. पोरं लांब ओळीला भुलली. मग बाईंनी एकेका बटणाची जोडी लावून घेतली, वरचं एक उरलं, आणि जास्त कुठे ते पोरांनी बरोबर दाखवलं. धडा झकास झाला.

तरी त्यांना चैन पडेना. सुट्टीत शेजारचा वर्ग रिकामा होता, टेबलावर नव्या बाईंच्या धड्यासाठी अंकांची कार्डं होती. बाईंनी सातचं कार्ड उचललं आणि पर्समध्ये टाकलं. 

सुट्टीनंतर त्या मुख्याध्यापिकांशेजारी मागच्या बाकावर जाऊन बसल्या. नव्या बाईंनी शेंडीला पुढे बोलावलं. डोक्यावर कारंज्यासारखे केस बांधणारी ही पोरगी आधी मोठ्या बाईंकडेच होती. तिच्या आईने महिन्यापूर्वी हट्टाने वर्ग बदलून घेतला होता, तेही बाईंना झोंबलेलं होतं.

शेंडीने सहापर्यंत कार्डं लावली. सात सापडेना. नव्या बाईंचा चेहरा उतरला आणि मोठ्या बाईंना आतून उकळ्या फुटल्या. आता ही सहाला आठ चिकटवणार!

शेंडीने एका कार्डाएवढी जागा सोडली आणि पुढे आठ ठेवलं.

"सात आला नाहीये," ती म्हणाली. "त्याची जागा ठेवलीय."

मुख्याध्यापिका खूश झाल्या. "वा! कुणी शिकवलं गं?"

"मोठ्या बाईंनी. कुणी आलं नाही की त्याच्या जागेवर त्या कुणाला बसूच द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, येईल तो उद्या."

"खरंय," नव्या बाई म्हणाल्या. "मी नाही शिकवलं हे."

"मग बालवर्ग तुमचाच, बाई," मुख्याध्यापिका मोठ्या बाईंकडे वळून म्हणाल्या.

मोठ्या बाईंना ते गिळता येईना. त्यांनी पर्स उघडून कार्ड बाकावर ठेवलं. "मीच उचललं होतं," त्या म्हणाल्या. "मला चौथी द्या."

वर्ग सुटल्यावर नव्या बाई त्यांच्याजवळ आल्या. रागावल्या नाहीत. "पुढच्या वर्षी सुट्टीत इकडे येत जा हं," एवढंच म्हणाल्या. अशा वेळीही या पोरीला इतकं चांगलं वागता येतं, याचाच मोठ्या बाईंना सगळ्यात जास्त हेवा वाटला.